मागच्या झोपड्या

"तो मोबाईल एकदाचो घाल त्या आमटीत. शिजात तरी," आये म्हणाली.

मी आमटी ढवळत राहिले. तोंड उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक. एका हातात पळी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर साक्षात दाजीशेठ बांबर्डेकर उभे. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, उजवा हात उंच उगारलेला आणि त्या हातात नारळ.

खाली लिहिलं होतं, 'माझे आजोबा कै. दाजीशेठ बांबर्डेकर, तिवरबंदरच्या धक्क्यावर सागराला श्रीफळ अर्पण करताना. शेजारी त्यांची लाँच जलकन्या. नारळी पौर्णिमा, बहुधा १९६५. जाणकारांनी अधिक माहिती द्यावी. मिहीर बांबर्डेकर, पुणे.'

आता जाणकार म्हणजे कोण, तर मीच. फेसबुकवर 'जुनी बंदरं, जुने फोटो' नावाचा आमचा गट होता. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत बोटींचे, धक्क्यांचे, दीपस्तंभांचे जुने फोटो सापडत. लोक ते गटावर टाकत आणि विचारत, हे कुठलं बंदर, कुठलं साल? माझी सगळी नोकरी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेलेली. काळ्या-पांढऱ्यात नेमकं काय मोडलंय ते बघायची डोळ्यांना सवय. विजेचे खांब कधी आले, कस्टमच्या चौकीवरची कौलं जाऊन पत्रे कधी बसले, बायका नऊवारी सोडून पाचवारीवर कधी आल्या, यावरून मी साल काढायचे. एका प्राध्यापकांनी 'ब्रिटिशकालीन बंदर' म्हणून टाकलेल्या फोटोत मी कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली दाखवली, तेव्हापासून तर माझा दराराच बसला. त्यामुळे मिहीरच्या फोटोखाली लगेच ओळ लागली, 'शेवंती मॅडम, निकाल द्या.'

निकाल! पन्नास वर्षं मी त्याच दिवसाची वाट बघत होते, हे त्यांना काय ठाऊक. गटावर मी शेवंती पराडकर, ते माझ्या सासरचं नाव. माहेरची मी टिकम. जलकन्या लाँचीचा तांडेल राजाराम टिकम हा माझा बाप.

तांडेल म्हणजे लाँचीचा मालक नव्हे, चालवणारा. मालक दाजीशेठ. त्यांची वखार, त्यांची गिरणी, अर्धं बंदर त्यांच्या मिठावर जगायचं. पण एक गोष्ट शेठांकडे नव्हती आणि आमच्या फाटक्या घरात होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ टिकमांच्या हातून जायचा. तो मान आमचा. तो नारळ पडल्याशिवाय तिवरबंदरात एकही होडी पाण्यात उतरायची नाही, मग ती कुणाच्या बापाची का असेना.

जलकन्या बंदरात आली एका कार्तिकात आणि बुडाली पुढच्याच श्रावणात, पौर्णिमेच्या आधी. समुद्र खवळलेला, पलीकडच्या तीरावर लाँचीच्या परवान्याचा साहेब आलेला, आणि त्याला लाँच चालताना दिसायला हवी होती. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे ती उलटली. माझा बाप गेला, त्याचे खलाशी गेले, पलीकडे जायला आयतीच सोय झाली म्हणून चढलेली बायकामाणसं गेली.

चौकशीत शेठांनी सांगितलं, "मी त्या दिवशी कोल्हापुरात होतो. तांडेलानं माझ्या अपरोक्ष लाँच काढली. प्यालेला असणार." मेलेला माणूस काय उत्तर देणार? जे धक्क्यावर हजर होते ते सगळे शेठांचे चाकर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो!

एकटी माझी आये बोलत राहिली. ती बापाची भाकरी घेऊन धक्क्यावर गेली होती. ती सांगायची, शेठ तिथे होते. बाप नाही म्हणत होता, पौर्णिमा व्हायचीय म्हणत होता, तर शेठांनी वखारीतून नारळ मागवला, स्वतःच्या हातानं समुद्रात फेकला आणि म्हणाले, "घे, पडला नारळ. आता जा." हे ऐकून लोक उलट आयेवरच हसले. शेठ खोटं बोलतो हे एकवेळ त्यांना पटलं असतं. पण मान नसताना, पौर्णिमा नसताना, कुणी नारळ टाकावा? असला अधर्म माणूस करूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. राजाची बायल येडी झाली, म्हणाले. आमचा मान काढून कोयंड्यांच्या घराला दिला. शाळेत मला 'बुडव्याचा चेडू', बुडव्याची पोर, म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्याआधी आम्ही मालवणला मामाकडे आलो ते कायमचे.

मी गॅस बंद केला.

"आये, दाजीशेठाचो फोटो इलो हा."

आयेचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. मोबाईल पुढे केला तरी तिला त्यात ढगाशिवाय काही दिसलं नसतं. तिनं तो मागितलाही नाही.

"नारळ आसा?" एवढंच विचारलं.

"आसा. हातात आसा."

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "लिही. आत्ताच्या आत्ता लिही, माझी आये खरा बोलत होती म्हणान."

"लिवान काय होताला? ते म्हंतले, नारळी पुनवेचो फोटो. शेठ पूजा करतासा. खाली तसाच लिवलेला आसा."

"पुनवेचो नारळ आमचो. त्येका हात लावूक कोण देतलो होतो?"

"ता तुका म्हायत आनि माका म्हायत. लोकांक पुरावो व्हयो."

म्हणून मी फोटो मोठा करून बघायला लागले. माझी पद्धत अशी की मध्ये आधी बघायचंच नाही. फोटो काढून घेताना माणसं जे काय खोटं बोलायचं ते मध्यभागी बोलतात. कडेला खरं राहून जातं. मी कडा बघितल्या. डावीकडे लाँचीचा काठ, त्यावर पाच-सहा माणसं. त्यांतला एक माझा बाप असणार. कुठला, ते मात्र मला सांगता येईना. घरात त्याचा एकही फोटो नव्हता आणि मी सहा वर्षांची असताना तो गेलेला. दुनियेच्या आजोबा-पणजोबांची ओळख पटवणारी मी, मला माझा बाप ओळखता आला नाही.

मग मी उजवी कड बघितली. शेठांच्या मागे, वाळूच्या उतारावर. आणि मी हसायलाच लागले.

"कित्याक हसतंस गो?"

मी तिला कानात सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी कानातच. आयेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तीही हसली. आमटी तशीच राहिली. त्या दिवशी आम्ही जेवलो ते थंडगार.

गटावर मी लिहिलं, 'अतिशय मोलाचा फोटो. मूळ प्रत बघितल्याशिवाय तारीख सांगणं बरं नव्हे.'

आयेला ते पटलं नाही. "भियालंस तू," म्हणाली.

"फेसबुकावरचा भांडाण चार दिवस ऱ्हवता, आये. पाचव्या दिवशी लोक मांजराचे फोटो बघतत. माका गाव व्हयो. आख्खो गाव."

*

मिहीरचा फोन दोन दिवसांनी आला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. मला दुसऱ्याच वाक्यात मावशी म्हणाला. आजोबांच्या पेटीत तो फोटो सापडला होता. बेळगावहून खास फोटोग्राफर बोलावून काढलेला, असं घरात सांगत. शेठांनी तो फाडून का टाकला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. मिहीरनंच उत्तर दिलं.

"आजोबांना हा फोटो फार आवडायचा, मावशी. म्हणायचे, माझा एवढा रुबाबदार फोटो दुसरा नाही."

बरोबर आहे. माणूस पाप लपवील, पण स्वतःचा चांगला आलेला फोटो टाकून देणार नाही.

"यंदा तिवरबंदरला नवी जेट्टी झालीये," तो पुढे म्हणाला. "नारळी पौर्णिमेला उद्घाटन. आजोबांचं नाव देणार आहेत. त्या दिवशी जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठेवायचंय, आणि व्यासपीठामागे हा फोटो मोठा करून लावायचाय. तुम्ही साफ करून द्याल? तुमच्यासारखं काम कुणी करत नाही म्हणतात."

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. माझ्या कानाला तो चक्क ऐकू आला.

"देईन की. केवढा करणार?"

"दहा फुटी?"

"वीस फुटी कर. समुद्रापुढे दहा फूट म्हणजे पोस्टाचं तिकीट."

तो हसला. मग जरा घुटमळला. "एक विचारू? मागे त्या झोपड्या फार येतायत हो. कोळीवाड्याच्या असतील. फ्रेममध्ये गिचमीड वाटते. त्या पुसून नुसतं आकाश ठेवलं तर?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तेवढ्या वेळात मला श्वास घ्यायचा होता.

"मिहीर, जुन्या फोटोतलं काही पुसायचं नाही. डाग काढायचे, माणसं नि वस्तू नाहीत. गटाचा नियमच आहे. आणि झोपड्या असू देत रे. त्या आहेत म्हणून तर आजोबा उठून दिसतात."

"हो, तेही खरंच. आणि साल? पासष्ट बरोबर ना?"

"जलकन्या कधी घेतली आजोबांनी?"

"पासष्टची दिवाळी झाल्यावर लगेच, कार्तिकात. ते घरात सगळ्यांना पाठ आहे."

"मग पासष्टच्या श्रावणात ती फोटोत कशी येईल?"

"अरे! खरंच की. म्हणजे सहासष्ट?"

"लाँच किती वर्षं चालली मग?"

"फार नाही बहुतेक. पुढे कधीतरी एका दारुड्या तांडेलानं बुडवली म्हणे."

तोवर मला त्या पोराची किंचित कीव येत होती. त्या वाक्यानं ती कीव पुसून टाकली. मी म्हणाले, "सहासष्टच. खाली मोठ्या अक्षरांत लिही. लोकांना लांबून वाचता आलं पाहिजे."

दोन महिने मी त्या फोटोवर काम करत बसले. प्रत्येक डाग काढला, प्रत्येक ओरखडा बुजवला. दुकानातून नवं भांडं आणावं तसा लखलखीत करून दिला. विशेषतः उजवी कड. त्या झोपड्यांची पात अन् पात मोजून घ्यावी इतकी स्वच्छ केली.

*

नारळी पौर्णिमेला मी आयेला घेऊन तिवरबंदरला गेले. गाव सोडल्यापासून तिनं तिथली वाळू तुडवली नव्हती. नवी जेट्टी चकचकीत होती. नाव कोरलेली पाटी भगव्या पडद्याआड झाकलेली. किनाऱ्यावर होड्या ताज्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या, नाकावर हळद-कुंकू. माणसांचा पूर लोटलेला. आणि व्यासपीठामागे, एखादं घर उभं करावं तसा तो फोटो. 'नारळी पौर्णिमा, १९६६.'

मिहीर धावत आला. मी ओळख करून दिली, "माझी आई." त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला.

"आजी, तुम्ही इथल्याच का?"

"हंयचीच," आये म्हणाली. "पन्नास वर्सां झाली."

त्यानं आम्हाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, स्वतःच्या हातानं लिंबू सरबत आणून दिलं. पोरगा वाईट नव्हता. माझं काळीज हललं नाही असं नाही. हललं आणि जागेवर आलं.

आये मात्र सरबताचा पेला हातात धरून वर बघत होती. वीस फुटी फोटो तिच्या अर्ध्या डोळ्यालाही पुरत होता. मला वाटलं ती शेठांकडे बघतेय. ती बघत होती डावीकडे.

"शेवंते," ती म्हणाली, "तो तुझो बापूस."

तिनं बोट दाखवलं त्या माणसाचा तर मी दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ एकेक डाग काढत होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, एक पाय धक्क्यावर, एक लाँचीवर, मान मागे वळलेली. शेठांनी उजव्या हातानं नारळ उगारलाय आणि डावा हात त्याच्या पाठीवर ठेवलाय. मी त्याला कुणी पोरसवदा खलाशी समजत होते. तो माझा बाप असेल असं मनातही आलं नाही. मला वाटत होतं, माझा बाप माझ्याहून मोठा असेल. हा तिशीचाही नव्हता. माझ्या मुलापेक्षा लहान.

"नक्की, आये?"

"माझ्या घोवाक मी वळखूचंय नाय?" ती चिडून म्हणाली.

भाषणं झाली. दाजीशेठ द्रष्टे होते, दाजीशेठ दानशूर होते, दाजीशेठांनी समुद्रावर पुत्रवत् प्रेम केलं. मग समुद्राला गाऱ्हाणं घालायची, म्हणजे गावाचं मागणं मागायची, वेळ आली. मानकरी बाबल कोयंडे उठला. आमच्या घराकडून गेलेला मान आता त्याच्याकडे. वय झालेलं, कंबर वाकलेली, तरुणपणी शेठांच्या धक्क्यावर दोरखंड ओढायचा. हातात सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"हे बा समुद्रा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"आज तुझ्या लेकरांनी तुका नारळ दिलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"दाजीशेठाच्या नावान ही जेट्टी उबी ऱ्हवता, तिका राख रे म्हाराजा..."

या वेळचं 'व्हय म्हाराजा' संपायच्या आत आये उठली. आमच्या बंदराचा रिवाज आहे, नारळ हातातून सुटायच्या आधी कुणाचं काही गाऱ्हाणं राहिलं असेल तर त्यानं बोलावं. नारळ पाण्यात पडला की तोंड मिटायचं. सहसा कुणी बोलत नाही.

"माझा आसा," आये म्हणाली.

बाबलनं वळून बघितलं. त्यानं तिला ओळखलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. पण नारळ खाली केला.

"बाबल, त्या फोटोत शेठाच्या मागे काय दिसता रे?"

बाबल बोलायच्या आत मिहीरनं माईक उचलला. बिचारा मदतीला आला. "आजी, त्या कोळ्यांच्या झोपड्या आहेत. त्या काळी कोळीवाडा इथेच होता."

सगळं बंदर हसलं. खदाखदा. दर्यावर जन्म काढलेली माणसं ती, शहरातल्या पोराची गंमत वाटणारच. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून घेतात आणि माडाची झापं विणून वरून शाकारतात, म्हणजे पावसानं लाकूड कुजू नये. लांबून बघणाऱ्याला त्या झोपड्याच वाटतात. पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अरे झिला, त्यो होडयो! शाकारलेल्यो होडयो!"

आणि बोलता बोलताच तो थांबला. त्याच्या शेजारचा थांबला. हसू मागच्या रांगांपर्यंत जाता जाता मध्येच विरलं. एकेक जण फोटो बघायचा, मग वळून किनाऱ्यावरच्या उघड्या, रंगवलेल्या, पताका लावलेल्या होड्या बघायचा, आणि पुन्हा फोटो.

"बाबल," आये म्हणाली, "नारळी पुनवेक होडयो शाकारलेल्यो आसतत?"

"नाय."

"मगे ह्यो फोटो पुनवेचो?"

"न्हय. पुनवेच्या आदलो."

"जलकन्या हंय एकच पावस ऱ्हवली. त्या पावसात ती पाण्यात कितीदा गेली?"

अध्यक्ष पुटपुटले, "आजी, हे आपण नंतर..." मागून कुणीतरी ओरडलं, "बोलांदे तिका!"

"कितीदा, बाबल?"

"एकदा."

"तेवा शेठ खंय होतो? कोल्लापुराक?"

बाबलनं नारळ काखेत धरला आणि मोकळ्या हातानं फोटोकडे बोट केलं. "थंय होतो. थंयच होतो, वयनी. नारळ त्येनाच फेकल्यान. राजो नको म्हणत होतो." तो आता मोठ्यानं बोलत होता, माईक नसतानाही शेवटपर्यंत ऐकू जाईल असं. "लाँचीची दोरी मी सोडलंय. माझ्या ह्या हातांनी."

पन्नास वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तो आपणहून बोलला नव्हता. मी त्याला माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी त्यानं एक बरं केलं. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि तो सोनेरी नारळ आयेच्या हातात ठेवला.

आयेनं तो फेकला. म्हातारीचा हात, नारळ जेट्टीच्या कठड्यावर आपटला, मग घरंगळून पाण्यात गेला. "व्हय म्हाराजा" म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पाटीवरचा पडदा काढायलाही कुणी पुढे झालं नाही. ज्यांची माणसं जलकन्येत गेली होती त्यांच्या घरचे लोक त्या फोटोखाली जमत होते, आणि बांबर्डेकरांचा सगळा गोतावळा खाली मान घालून गाड्यांकडे निघाला होता. त्यांच्यातल्या एका बाईनं डोक्यावरून पदर पुढे ओढून तोंड झाकलं. माझी आये तशीच तोंड झाकून या गावातून बाहेर पडली होती. मी ते डोळे भरून बघितलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? ऊन पडल्यासारखं बरं वाटलं.

मिहीर माझ्याकडे आला. चेहरा पांढरा पडलेला.

"मावशी, तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगायचंत. मी स्वतः थांबवलं असतं सगळं. आईशप्पथ."

"थांबवलं असतंस, माहीत आहे. म्हणूनच सांगितलं नाही."

"मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही," मी म्हणाले. "माझ्या बापानं तरी तुमचं काय केलं होतं?"

त्यानंतर तो गटातून गेला. जेट्टीला पुढे कुणाचंच नाव दिलं नाही. सरकारी कागदावर काय असेल ते असो, लोक तिला नवी जेट्टी म्हणतात.

*

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून बसली.

"तो फोटो काड."

मी काढला.

"आता त्या शेठाक काप."

"आये, शेठ कापलो तर त्या फोटोत ऱ्हवला काय? तोच तर पुरावो."

"पुरावो गावाक झालो," ती म्हणाली. "माका आता माझो घोव व्हयो. घरात त्येचो फोटो नाय. हार खंय घालू, भितीक?"

जुन्या फोटोतलं काही कापायचं नाही, पुसायचं नाही, हा नियम मीच घातलेला. मी मुकाट्यानं कापायला घेतलं. नारळ गेला, काळा कोट गेला, धोतर गेलं, झोपड्याही गेल्या. राहिला अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला, मागे वळून बघणारा तरुण माणूस. आणि त्याच्या पाठीवर एक हात. मनगटापासून तुटलेला, बोटात जाडजूड अंगठी, पाचही बोटं पसरलेली. कुठूनही कापलं तरी तो हात बापाबरोबरच येत होता.

"तो हातय काडतंय," मी म्हणाले. "दोन मिनटांचा काम. कोणाक कळूचा पण नाय."

आयेनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. आपल्या उरलेल्या डोळ्यानं तो हात कितीतरी वेळ बघितला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "ढकलल्यान कोणी, ता दिसांदे."

आता आये नाही. फोटो आहे, आमच्या पुढच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या बरोब्बर समोर. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा हात कुणाचा हो?" ओळख पटवून देणं हे तर माझं कामच. मी पूर्ण नाव सांगते, गावासकट.